गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन: आईच्या मापाचा सांधा करून घ्यावा का?

कुपवाडकर | रविवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. आईचा डावा गुडघा १२ वर्षांपूर्वी बदलला. आता ती ७१ वर्षांची आहे, वजन ६८ किलो. दहा वर्षं त्या गुडघ्यानं उत्तम साथ दिली. दर संकष्टीला गणपती मंदिर, तिथून घाट, येताना हरभट रोडवर भाजी, सगळं पायी. गेल्या दीड वर्षात मात्र खुर्चीतून उठल्यावर पहिली चार पावलं जीव काढतात, मग जरा मोकळं होतं. पाय धनुष्यासारखा बाहेर वाकत चाललाय. एक्स-रेत नडगीवरची धातूची बैठक आतल्या बाजूला खचलेली दिसते आणि सिमेंटच्या कडेनं काळी रेघ आहे.

मिरजेच्या डॉक्टरांनी रिव्हिजन, म्हणजे जुना सांधा काढून नवा बसवायला, सांगितलं. पुण्यात दुसरं मत घेतलं. तिथं म्हणाले, सीटी स्कॅनवरून आईच्याच हाडाच्या मापाचा थ्रीडी प्रिंटेड सांधा करता येईल. खर्च मोठा आहे आणि पाच-सहा आठवडे थांबावं लागेल.

माझं एमआयडीसीत मशिन शॉप आहे. घडवलेला जॉब बोअरमध्ये, म्हणजे भोकात, घट्ट बसला म्हणून तो टिकतोच असं नाही, हे मी रोज बघतो. लोड लागल्यावर तो कुठून कुठं जातो, त्यावर सगळं ठरतं. म्हणून पैशाच्या आधी हा प्रश्न विचारतोय: मापाचा सांधा केल्यानं भाराच्या बाबतीत नक्की काय बदलतं?

मिरज_जंक्शन | रविवार, रात्री १०:५२

आधी एक सांगा. इन्फेक्शन नाही ना, हे बघितलंय का? गुडघ्यातलं पाणी काढून तपासलं?

कुपवाडकर | रविवार, रात्री ११:०५

रक्त तपासलं. सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारा आकडा, किंचित जास्त आहे. पाणी अजून काढलेलं नाही.

अस्थिरंग | सोमवार, सकाळी ६:४०

मी अस्थिशल्यचिकित्सक आहे, कराडकडे असतो. मिरज_जंक्शन यांनी पहिलाच प्रश्न योग्य विचारला. सैल झालेला प्रत्येक सांधा इन्फेक्शनचा आहे असं धरून चालायचं आणि तपासून ते खोटं ठरवायचं. पाणी काढण्याआधी निदान दोन आठवडे आईंना कुठलीही अँटिबायोटिक गोळी देऊ नका, नाहीतर जंतू असूनही वाढत नाहीत आणि रिपोर्ट फसवा येतो. इन्फेक्शन निघालं तर मापाचा की तयार, हा प्रश्नच मागे पडतो.

आता तुमचा प्रश्न. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाएवढाच भार येतो असं बहुतेकांना वाटतं. बर्लिनमध्ये काही रुग्णांच्या कृत्रिम सांध्यातच भार मोजणारी यंत्रणा बसवून आतून मोजमाप घेतलं गेलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे आकडे असे: सपाट चालताना वजनाच्या सुमारे २.६ पट, जिना चढताना ३.२ पट, उतरताना ३.५ पट. स्नायू सांध्याला आवळून धरतात, त्याचा हा भार. आईंच्या ६८ किलोला जिना उतरताना प्रत्येक पायरीला २३५ किलोच्या आसपास. त्यातही आतल्या बाजूला वाटा जास्त, आणि पाय बाहेर वाकला की तो आणखी वाढतो. बैठक आतल्या बाजूलाच खचली याचं कारण तेच.

पहिल्या ऑपरेशनमध्ये हा भार प्लास्टिकच्या गादीतून धातूच्या बैठकीत, तिथून सिमेंटमध्ये आणि मग नडगीच्या वरच्या टोकाच्या जाळीदार हाडात जातो. ते हाड स्पंजासारखं असलं तरी भार पसरवायला फार चांगलं असतं. रिव्हिजनच्या वेळी नेमकं तेच उरलेलं नसतं. वर्षानुवर्षं झिजलेल्या प्लास्टिकचे बारीक कण शरीरातल्या पेशी गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्यातून सुरू होणारी दाहाची प्रक्रिया शेजारचं हाड खात जाते. शिवाय जुना सांधा काढताना सिमेंटबरोबर आणखी थोडं हाड निघतं. खाली उरते ती कवचासारखी कड आणि आत पोकळी.

म्हणून रिव्हिजनला आम्ही हाडाचे तीन पट्टे धरतो. एक, सांध्यालगतचा कापलेला पृष्ठभाग. दोन, त्याखालचा फनेलसारखा निमुळता भाग. तीन, सरळ नळी. २०१५ पासून ही मांडणी बऱ्याच ठिकाणी वापरतात. तिन्हींपैकी निदान दोन पट्ट्यांत पकड भक्कम हवी. आईंच्या पहिल्या पट्ट्याची आतली बाजू गेलेली दिसते. उरलेल्या दोन पट्ट्यांत पकड कशी मिळवायची, तुमचा खरा प्रश्न हा आहे. मापाचा सांधा हे त्याचं एक उत्तर, एकमेव नाही.

द्राक्षबाग_तासगाव | सोमवार, सकाळी ९:२०

डॉक्टरसाहेब, आमच्या मंडपाच्या कडेच्या अँगलचं असंच असतं बघा. काळ्या रानात अँगल नुसता ठोकला तर पहिल्या पावसाळ्यात वरच्या मातीत भोक मोठं होतं. मग वारं सुटलं की अँगल हलतो, हलला की भोक आणखी मोठं. वर कितीबी माती दाबा, उपयोग नाही. खड्डा खोल घ्यावा लागतो, बुडाला काँक्रीट आणि बाहेरनं तारेचा ताण. गुडघ्यात पण असंच का?

अस्थिरंग | सोमवार, दुपारी १:१०

दादा, नेमकं सांगितलंत. खोल रोवणं म्हणजे स्टेम, नळीत जाणारा धातूचा दांडा. बुडाचं काँक्रीट म्हणजे फनेलच्या भागात बसणारा सच्छिद्र धातूचा पोकळ तुकडा. त्याला 'कोन' म्हणतात, पण मराठीत कोन म्हणजे अँगल होतो, म्हणून मी पुढे शंकू म्हणेन. आणि बाहेरचा ताण म्हणजे गुडघ्याच्या बाजूचे अस्थिबंध.

फरक एवढाच की तुमची माती जिवंत नाही, हाड जिवंत आहे. अँगलनं भार खोल नेला म्हणून वरची माती विरघळत नाही. हाड विरघळतं. जर्मन शल्यचिकित्सक वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं की हाड त्याच्यावर येणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवतं. जिथं भार येणं थांबतं तिथलं हाड शरीर काढून घेतं. फार लांब, जाड, कडक स्टेम घातला तर तो सगळा भार खाली नळीत नेतो, वरचं हाड बेकार बसतं आणि पातळ होत जातं. शिवाय स्टेमच्या टोकापाशी कडक धातू संपून लवचीक हाड सुरू होतं, तिथं काहींना कायमचं दुखणं राहतं.

कुपवाडकर | सोमवार, रात्री ९:३०

म्हणजे शाफ्टला एकदम स्टेप दिली, जाडी अचानक बदलली की कोपऱ्यात स्ट्रेस साठतो, तसंच. मग धातू आणि हाड यांच्या कडकपणात किती फरक असतो?

धातुवेडा | सोमवार, रात्री १०:४५

माझं आयुष्य ओतकाम आणि मटेरियल टेस्टिंगमध्ये गेलंय, तेवढ्यापुरतं सांगतो.

कडकपणाचं माप म्हणजे यंग मोड्युलस. कोबाल्ट-क्रोम मिश्रधातूचा तो २०० गिगापास्कलच्या वर. टायटॅनियम मिश्रधातू ११० च्या आसपास. नळीचं कठीण हाड १५ ते २०. हाडाचं सिमेंट २ ते ३. जाळीदार हाड तर बहुतेक ठिकाणी १ च्याही खाली. म्हणजे घन टायटॅनियमसुद्धा नळीच्या हाडाच्या पाच-सातपट कडक. टँटलम या धातूच्या सच्छिद्र रूपाचा मोड्युलस ३ च्या आसपास येतो. थ्रीडी प्रिंटिंगचा खरा फायदा मला इथं दिसतो. बाहेरचा आकार हवा तसा करता येतो हे झालंच, पण आतली जाळी कुठं दाट, कुठं विरळ ठेवायची हे ठरवता येतं. त्यानं कडकपणा जागोजागी बदलता येतो.

जाळीतली छिद्रं साधारण ३०० ते ६०० मायक्रॉनची ठेवतात, म्हणजे त्यात हाड शिरून वाढतं. पण एक अट आहे, आणि मशिन शॉपवाल्याला ती लगेच पटेल. धातू आणि हाड यांच्यातली हालचाल ५० मायक्रॉनच्या आत राहिली तर हाड वाढतं. १५० च्या पुढे गेली तर हाडाऐवजी तंतूंचा मऊ पडदा तयार होतो, आणि त्यावर सांधा डुलत राहतो. डोक्याचा केस ७०-८० मायक्रॉनचा, यावरून समजा. पहिले काही आठवडे पकड किती पक्की आहे, त्यावर पुढची पंधरा वर्षं ठरतात.

आणखी एक. जाळी म्हणजे हजारो बारीक खाचा. वारंवार भार आला की खाचेतून तडा सुरू होतो. त्यामुळे गाभा भरीव आणि हाडाकडची त्वचा तेवढी सच्छिद्र, अशी रचना असावी लागते. प्लास्टिकवर घासणारा मांडीकडचा पृष्ठभाग टायटॅनियमचा करत नाहीत, त्यावर सहज ओरखडे पडतात. तिथं नेहमीचा कोबाल्ट-क्रोमच.

सह्याद्री_वाचक | मंगळवार, सकाळी ८:००

वाचनखूण साठवली. फार मोलाचा धागा.

फिजिओ_सातारा | मंगळवार, दुपारी ३:३५

कुपवाडकर दादा, पुण्यात 'कस्टम' म्हणजे नक्की काय म्हणाले, ते विचारून घ्या. माझ्याकडे येणाऱ्या पेशंटच्या तोंडी हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी असतो. कुणाकडे फक्त हाड कापायचा साचा मापाचा असतो आणि सांधा तयार मिळणारा. कुणाचा पोकळी भरणारा शंकू तेवढा मापाचा. आणि अगदी क्वचित आख्खा भाग मापाचा. तिन्हींत भाराचं गणित वेगळं, पैसेही वेगळे.

दुसरं, आईंच्या मांडीचे स्नायू आत्तापासून तयार करा. ऑपरेशन अजून दूर आहे म्हणून थांबू नका. पाय सरळ ठेवून मांडी आवळायची, पाच मोजायचं, सोडायचं. दिवसातून जमेल तितक्या वेळा. काठी उजव्या हातात, म्हणजे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूला. निम्म्याहून जास्त लोक ती चुकीच्या हातात धरतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

कुपवाडकर | मंगळवार, रात्री ९:१५

ताई, फोन करून विचारलं. नडगीकडचा शंकू आणि बैठक दोन्ही मापाचं, मांडीकडचं तयार. काठी उद्यापासून उजव्या हातात. आई डाव्याच हातात धरत होती.

मिरज_जंक्शन | मंगळवार, रात्री ११:२०

हे वाचून आमच्या गल्लीतलं काम डोळ्यापुढे आलं. मिरजेत तंबोरा करतात तेव्हा प्रत्येक भोपळा वेगळा असतो. पंढरपूरकडून गाडी आली की कारागीर एकेक भोपळा हातात घेऊन बघतो, कापतो, आतून साफ करतो, मगच त्याच्या तोंडाच्या मापानं वरचं लाकूड घडवतो. न कापलेल्या भोपळ्याचं माप कुणी घेत नाही. आत भिंत किती जाड निघेल, कुठं किडलेली निघेल, कापल्याशिवाय कळत नाही.

माझी शंका अशी: आईंच्या गुडघ्यात जुना सांधा अजून बसलेला आहे. तो काढायच्या आधीच माप घेणार. मग तो काढल्यावर हाड तेवढंच राहील कशावरून?

अस्थिरंग | बुधवार, सकाळी ६:१५

रात्रभर ही शंका डोक्यात होती. या सगळ्या विषयातली अवघड जागा तुम्ही पकडलीत.

सीटी स्कॅनमध्ये धातूभोवती पांढऱ्या-काळ्या रेषा येतात, जवळचं हाड नीट दिसत नाही. त्या कमी करायच्या पद्धती आहेत, पण पूर्ण जात नाहीत. जुना सांधा काढताना नक्की किती हाड निघेल हे आधी कुणीच सांगू शकत नाही. बहुतेक वेळा एक्स-रेत दिसतं त्यापेक्षा टेबलावर नुकसान जास्तच निघतं. त्यात माप घेतल्यापासून इम्प्लांट येईपर्यंतच्या आठवड्यांत सैल बैठक हाड खातच असते. म्हणजे मापाचा तुकडा ज्या पोकळीसाठी घडवला, ती पोकळी ऑपरेशनच्या दिवशी वेगळी असू शकते. थोडं हाड घासून जागा करता येते, पण गेलेलं हाड परत लावता येत नाही. तुकडा हलका बसला की धातुवेडा यांनी सांगितलेली मायक्रॉनची मर्यादा ओलांडली. म्हणून मापाचा सांधा ठरवला तरी तयार सेट खोलीत हजर असायलाच हवा. ही अट मी कधीच सोडत नाही.

मग मापाचा कुठं हवा? नडगीचं किंवा मांडीचं टोकच उरलं नाही, तयार शंकूला टेकायला कडच नाही, तिथं. जुनं फ्रॅक्चर वाकडं जुळून नळीच वाकडी झालीय, सरळ स्टेम जाणारच नाही, तिथं. गाठ काढल्यावर. फार लहान चणीच्या बाईंचं हाड आणि तयार सेटमधला सगळ्यात लहान आकारही बाहेर डोकावतो, तिथं. अशा पेशंटला तयार सामानात जुळवाजुळव करत बसण्यापेक्षा मापाचंच द्यावं, आणि ते मी आग्रहानं सांगतो.

आता थोडं दुसऱ्या बाजूचं, कारण सगळ्यांचं लक्ष नडगीकडे लागलंय. रिव्हिजनमध्ये मांडीच्या हाडाचं खालचं टोकही झिजलेलं असतं. गुडघा ढिला लागला की सोपा उपाय म्हणजे जाड प्लास्टिक घालून आवळणं. त्यानं टेबलावर गुडघा घट्ट वाटतो, पण सांध्याची रेषा वर सरकते. गुडघ्याची वाटी त्या मानानं खाली राहते, वाकवताना ती आपटते, आणि पाय पूर्ण सरळ असताना घट्ट असलेला गुडघा अर्धवट वाकल्यावर डुगडुगतो. खुर्चीतून उठताना भीती वाटते ती या अर्ध्या वाकण्यातली. जिथलं हाड गेलं, तिथंच धातूची भर घालायची, खालून प्लास्टिकनं भरपाई करायची नाही. हे तयार तुकड्यांनीही उत्तम होतं.

आणि अस्थिबंध. ते शाबूत असतील तर सांधा जितका मोकळा ठेवता येईल तितका ठेवावा. बाजूला डुलू नये म्हणून मधे उंच खुंटी असलेला सांधा घातला, किंवा बिजागरीचा घातला, तर जो ताण अस्थिबंध झेलत होते तो सगळा हाड आणि धातूच्या पकडीवर येतो. असा डुलू न देणारा सांधा म्हणूनच जास्त खोल पकड मागतो.

वाईकर_काका | बुधवार, सायंकाळी ५:५०

माझा अनुभव लिहितो, वय ६६. माझं रिव्हिजन एकदा झालं, दीड वर्षात परत करावं लागलं. पहिल्या वेळी एका रुग्णालयात पाणी न तपासताच नवा सांधा बसवला. आत इन्फेक्शन होतं. नवा सांधाही गेला. मग दुसरीकडे सांधा काढून अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा आत ठेवला. सहा आठवडे शिरेतून आणि गोळ्यांनी औषध, मग पुन्हा तपासण्या, आणि त्यानंतर आत्ताचा सांधा. त्या तीन महिन्यांत मी कृष्णेच्या घाटापर्यंत गेलो नाही. घर नदीपासून दोनशे पावलांवर आहे. माझ्या पायातला सांधा तयारच आहे, शंकू आणि स्टेमवाला. चार वर्षं झाली, रोज सकाळी घाटावर जातो. कुपवाडकर, पाणी तपासल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नका.

पैसा_वसूल_नको | बुधवार, रात्री ८:४०

पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध दर नियामक प्राधिकरणानं गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींना मर्यादा घातली. साधा कोबाल्ट-क्रोमचा तेव्हा ५४,७२० रुपये, रिव्हिजनचा १,१३,९५० रुपये, जीएसटी वेगळा. आज लागू असलेला दर विचारून घ्या. मापाच्या इम्प्लांटचं कोटेशन देतील तेव्हा त्यात आराखडा, प्रिंटिंग आणि धातूच्या भागांची रक्कम वेगवेगळी लिहून मागा. बिलात इम्प्लांटची ओळ स्वतंत्र हवी आणि डब्यावरचे स्टिकर फाइलला चिकटवून घ्या. पुढे कधी कुणाला हा गुडघा उघडावा लागला तर आत काय आहे ते त्या स्टिकरवरूनच कळतं. आमच्या सासूबाईंच्या वेळी ते नव्हते, जुना सांधा काढायला कुठली अवजारं मागवायची हे ठरवण्यातच आठवडा गेला.

कुपवाडकर | नऊ आठवड्यांनी, शनिवार, रात्री ९:००

धागा वर काढतोय. उशीर झाला, माफ करा.

सगळी अँटिबायोटिकं थांबवून दोन आठवड्यांनी पाणी काढलं. चौदा दिवस कल्चर ठेवलं, काही वाढलं नाही. पेशींची संख्याही सैल सांध्याला शोभेल अशीच होती. मग सीटी घेऊन पुण्याला परत गेलो आणि इथले प्रश्न कागदावर लिहून नेले. पहिला पट्टा किती उरलाय? दुसऱ्यात कड आहे का? अस्थिबंध कसे आहेत? त्या डॉक्टरांनी अर्धा तास बसून सगळं समजावलं. नडगीच्या मागची आणि बाहेरची कड शाबूत, नळी सरळ, दोन्ही बाजूंचे अस्थिबंध चांगले. म्हणाले, अशा हाडाला तयार शंकूची पकड मिळेल, मापाच्या तुकड्यासाठी थांबलो तर मधल्या काळात कडही जाईल. ऑपरेशन मिरजेतच केलं.

मिरज_जंक्शन, तुमचा भोपळा मला ऑपरेशननंतर कळला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, सीटीत दिसली त्यापेक्षा आतली पोकळी बरीच मोठी निघाली. ठरवलेला शंकू हलका बसत होता, म्हणून पुढच्या मापाचा घेतला, तो घट्ट बसला. खाली मध्यम लांबीचा स्टेम, मांडीकडे झिजलेल्या जागी धातूची भर, सांध्याची रेषा दुसऱ्या पायाच्या एक्स-रेवरून लावली. बिजागरी लागली नाही. स्टिकर फाइलला आहेत.

आज पाचवा आठवडा. वॉकर सुटला, काठी उजव्या हातात आहे. गुडघा ९५ अंशांपर्यंत वाकतो. आज सकाळी ती खुर्चीतून उठली तेव्हा मी दारात उभा राहून तिची पहिली चार पावलं बघत होतो. पाचव्याला तिनं विचारलं, "असं काय बघतोस?"

फिजिओ_सातारा | शनिवार, रात्री ९:२५

फार फार आनंद झाला दादा. मांडीचा व्यायाम बंद करू देऊ नका. आणि जमिनीवर बसायचा हट्ट धरला तर स्पष्ट नाही म्हणा, पूजेला उंच पाट द्या.

अस्थिरंग | रविवार, सकाळी ६:०५

सहा आठवड्यांचा एक्स-रे उभं राहून काढा, दोन्ही पाय एकत्र. पहिल्या दिवसाच्या एक्स-रेशेजारी ठेवून बैठक तसूभरही सरकलीय का ते बघायचं. शंकूच्या आतल्या कडेला कुठं काळी रेघ दिसते का, तेही इथं कळवा.